खडकाला न लागता

देवानंद पेन्सिलीला दोन्हीकडून टोक करायचा. चहा निवल्यावरच प्यायचा. गणितं पाठकोऱ्या कागदांवर मांडायचा. कुणी हसलं तर आधी आपणही हसायचा, मग कारण विचारायचा.

मागच्या महिन्यात त्याच्या डोक्यात मलेरिया चढला. तीन दिवसांत तो गेला. एकोणतीस वर्षांचा होता. मला अजून खरं वाटत नाही.

राजुऱ्याच्या कॉलेजात तो भौतिकशास्त्र शिकवायचा, मी मराठी. अणूच्या केंद्रकावर त्याचं संशोधन चाललं होतं. त्याचे वडील गोविंदाभाऊ अहेरीजवळ प्राणहितेत मासे धरतात. दर सुटीत ते विचारायचे, "दहा वर्सं झाले बाबू, काय शिकून राह्यला तू?" त्यांना समजावं म्हणून त्यानं १९९८च्या वार्षिक अंकासाठी लेख लिहिला. संपादक मी होतो.

बेरिलियमच्या एका प्रकारात एक न्यूट्रॉन गाभ्यापासून दूर, अगदी सैल बांधलेला असतो. असं केंद्रक शिशाच्या जड केंद्रकाजवळून गेलं, की विद्युतभाराचा रेटा गाभ्याला बसतो. न्यूट्रॉनला विद्युतभारच नाही. तो मागे सुटतो. देवानंदनं लिहिलं होतं: सैल दोरानं जोडलेले दोन डोंगे, म्हणजे लहान होड्या, खडकाजवळून चाललेत. धार एकालाच ओढते. खडकाला न लागताच दोर तुटतो.

मला ते अर्धवट वाटलं. त्याला न विचारता मी केलं, 'खडकावर आदळून दोर तुटतो.' वाक्य ठसठशीत झालं म्हणून खूशही झालो.

अंक घेऊन तो गावी गेला, मीही सोबत होतो. ओसरीत तो मोठ्यानं वाचू लागला. त्या ओळीवर अडखळला.

गोविंदाभाऊ हसले. "खडकाले लागल्यावर तं कोनाचाबी दोर तुटते. हे तं माह्या बकरीलेबी ठाव हाय! याच्यासाठी दहा वर्सं?"

देवानंदही हसला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. "लिवताना चुकलं माह्यं, बाबा."

मी पाणी पीत राहिलो.

तेरवीला गोविंदाभाऊंनी त्याची वही माझ्या हातात दिली. "तुले समजते. काय लिवलं पोरानं?"

"गणितं आहेत, भाऊ," मी म्हणालो.

गणितं नव्हती. तो लेख पुन्हा लिहायला घेतला होता, या वेळी घरच्या बोलीत. दीड पान झालं होतं. शेवटची ओळ अशी: 'बाबा, डोंगा खडकाले लागलाच नाई. तरी दोर तुटला. काऊन तुटला, तं'