हेमला नायकाची साक्ष

आसेगावजवळच्या तांड्यावर मॅट्रिकपर्यंत पोचलेला प्रेमसिंग राठोड हा पहिला, आणि नागपूरला एम.ए.ला बसलेलाही तोच. बाप लहानपणीच गेला. वाढवलं, शिकवलं ते काका हेमला नायकानं. तांड्याचा कारभार या नायकाच्या हाती. त्याच्याच अंगणात नसाब बसायची. नसाब म्हणजे बंजाऱ्यांची स्वतःची पंचायत. पाच जाणती माणसं भांडण ऐकायची, निकाल द्यायची. ठाण्याची पायरी कुणी चढत नसे.

एम.ए.च्या प्रबंधासाठी प्रेमसिंगनं ही नसाबच घेतली. मार्गदर्शक सर म्हणाले होते, पुस्तकातून उतरवू नकोस, डोळ्यांनी पाहिलेलं लिही. मग काय, पठ्ठ्या दोन उन्हाळे अंगणात वही घेऊन बसला. कुणाला आधी बोलू द्यायचं, मधे बोलणाऱ्याला कसं गप्प करायचं, सारं काकानं मन लावून सांगितलं. हातचं काही राखलं नाही. चौथ्या प्रकरणात प्रेमसिंगनं एक अख्खा निवाडाच लिहिला. सोमला जाधवनं मदनसिंगच्या खळ्यातून ज्वारीची पोती उचलली, ती चोरी कशी कबूल करवली, पोती कशी परत देवविली, अगदी नावानिशी. या प्रकरणावर स्वारी भलतीच खूश होती.

सत्तावन्न साली तोंडी परीक्षेचं बोलावणं आलं. तीन विद्वानांपुढं उभं राहून आपला प्रबंध खरा आहे हे पटवून द्यायचं. इथं या शहाण्यानं जी चूक केली, ती तांड्यावरचाच माणूस करू जाणे. नसाबीत एकट्याचा शब्द धरत नाहीत. उजव्या हाताला साक्षीदार बसावा लागतो, आणि साक्षीदार जितका मोठा तितका शब्द जड. प्रेमसिंगनं सरळ काकालाच गळ घातली.

"काका, तुमी चाला. तुमी असले तं मले खोटं म्हणाची कोणाची छाती नाई."

"चालतो ना," काका म्हणाला. त्यानं नवा फेटा काढला, आणि मूर्तिजापूरहून दोघं गाडीत बसले.

बाहेरगावचे परीक्षक सज्जन होते. त्यांनी प्रबंधाची तारीफ केली आणि मग म्हणाले, "पण असा न्याय आज चालतो, याला पुरावा काय? सरकारी कागदात कुठेच नोंद नाही."

प्रेमसिंग याच प्रश्नाची वाट पाहत होता. "पुरावा बाहेर बाकावर बसलाय, सर."

परीक्षकांना हसू आलं, पण त्यांनी बोलवायला सांगितलं. खाकी कपड्यातला चपराशी काकाला आत घेऊन आला. खुर्ची दिली तरी काका बसला नाही. परीक्षकांनी चौथं प्रकरण उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. सोमला जाधव, मदनसिंग, ज्वारीची पोती.

"हे तुमच्यासमोर झालं?"

काकानं कागदाकडं पाहिलं, चपराशाच्या खाकीकडं पाहिलं.

"नाई जी."

"आणि ही नसाब?"

"थे जुन्या लोकाईचं होतं. आता भांडण झालं तं आमी ठाण्यात जातो." प्रेमसिंगकडं न पाहता त्यानं आणखी एक वाक्य जोडलं. "पोरगं हुशार हाय जी. गोष्टी मस्त रचते."

ज्याच्या मांडीवर बसून ही नसाब पाहिली, त्याच माणसानं प्रेमसिंगला भर सभेत खोटारडा ठरवलं होतं. बाहेर व्हरांड्यात सर एवढंच म्हणाले, "राठोड, मी तुझ्यावर विश्वास टाकला होता." मनानं रचलेला मजकूर, असा शेरा बसून प्रबंध नामंजूर झाला.

परतीच्या गाडीनं बडनेरा गाठलं. मग प्रेमसिंगनं विचारलं, "काहून केलं असं?"

"तू सोमलाचं नाव कागदावर घातलं. निकाल लागला का थे गोष्ट मातीत गेली, हे तुले मीच शिकवलं ना? उद्या कागद ठाण्यात गेला तं सोमला आत जाते. त्याच्या लेकराईले कोण पोसन?"

"मंग मले आधी सांगाचं होतं."

"तू दाखवलं कुठी? मले वाटलं, पोरगं रीत लिहून राह्यलं. नावं लिहून राह्यलं हे मले का माहीत?"

आपली चूक प्रेमसिंगला कळली. पण मन काही निवेना. मला ठाऊक नाही, एवढं म्हणाला असता तरी सोमला वाचला असता. गोष्टी रचते, हे कायले बोलायचं होतं? ते त्याला फार लागलं.

चौथ्या दिवशी काकाच्या अंगणात नसाब बसली. हो, तीच, जी जुन्या लोकांबरोबर संपली म्हणून काका नागपुरात सांगून आला होता. मिटलेला निवाडा उकरला, हा प्रेमसिंगचा गुन्हा. आरोपीनं फेटा काढून पंचांपुढं ठेवायचा, उजवी बाजू साक्षीदारासाठी मोकळी सोडायची, सारं त्यानं लिहिलं होतं तसंच चाललं. या पाचांतला एक जरी नागपूरला येऊन बोलला असता, तर आज तो एम.ए. असता. त्याच्या उजवीकडं कुणी येऊन बसलं नाही.

नायकाच्या हाताखालचा कारभारी बाबूसिंग यानं विचारलं, "तुले काई म्हणाचं हाय?"

नायकानं भर सभेत खोटी साक्ष दिली, एवढं म्हटलं असतं तर काकालाही फेटा उतरवावा लागला असता. समोर सोमला मान खाली घालून बसला होता.

"नाई," प्रेमसिंग म्हणाला.

चौथं प्रकरण चुलीत गेलं. मग रीतीप्रमाणं काकानं स्वतः त्याच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला. "खा. हे मिटलं. आता नागपूरचं नाव कोणी तोंडातून काढाचं नाई."

प्रेमसिंगनं गूळ खाल्ला.

पुढं तो अनसिंग गावच्या शाळेत मास्तर झाला. दोन वर्षांनी तांड्यावरच्या एका लग्नात कुण्या पाहुण्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "मास्तर, एम.ए. काहून सोडलं जी?"

उत्तर शेजारी बसलेल्या काकानं दिलं. "त्याचं ध्यान नव्हतं अभ्यासात."

प्रेमसिंगला ते ऐकून घ्यावं लागलं. गूळ त्यानं खाल्ला होता.