किसन मिस्त्रींचा तळहात

जुनी मोटरसायकल बघायला गेल्यावर किसन मिस्त्री आधी गाडीकडे बघतच नसत. मालकाशी रामराम होईपर्यंत त्यांचा उजवा तळहात इंजिनावर टेकलेला असे. इंजिन थंड लागलं तर ते कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून कामाला लागत. नुसतं कोमट जरी लागलं तरी हात पँटीला पुसत आणि ज्याच्यासोबत आले असतील त्याला म्हणत, "चल, चहा घेऊ." मालकाला एक शब्द नाही. तो मागून "अहो, चालवून तरी बघा" म्हणत राही आणि मिस्त्री तोवर रस्त्याला लागलेले असत.

पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मला मालकाचीच कीव आली. इतक्या उन्हात यायचं आणि गाडी न बघताच परतायचं म्हणजे काय? चहाच्या टपरीवर मिस्त्रींनी खुलासा केला. गाडीचं दुखणं सकाळी पहिल्या किकला कळतं. एकदा गरम झाली की कुठलीही गाडी शहाण्यासारखी वागते. म्हणून लबाड मालक गिऱ्हाईक यायच्या आधीच गाडी फिरवून आणतो. "थंड गाडी खोटं बोलत न्हाई राव," ते म्हणाले. "आन् तापवून ठेवणाऱ्याशी आपन बोलायचं न्हाई."

पिंपळे गुरवला आमच्या सोसायटीच्या मागे त्यांची पत्र्याची शेड होती. मूळचे चाकणजवळच्या खेड्यातले. शेतातलं पाण्याचं इंजिन दुरुस्त करता करता मोटरसायकलींकडे वळलेले. मी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी विभागात. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांवर लाल खूण करायची, हे माझं काम. ते मी फार तोऱ्यात करायचो, हे इथेच सांगून ठेवतो.

तेव्हा मला कॅफे रेसरचं वेड लागलं होतं. म्हणजे जुनी गाडी घ्यायची, तिचं उगाचचं पत्रा-प्लास्टिक उतरवायचं, हँडल खाली आणायचं, मागे एकट्यापुरती छोटी सीट बसवायची आणि टाकीवर ओणवं होऊन चालवायची. मिस्त्रींना मोबाइलवर फोटो दाखवला तर ते बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "मागं बायको बसायची कुठं?" लग्न झालेलं नाही म्हटल्यावर म्हणाले, "अशी गाडी घेतल्यावर व्हायचंबी न्हाई." पण काम घेतलं. दर रविवारी आम्ही गाड्या बघत हिंडायला लागलो. भोसरी, मोशी, आळंदी, चाकण. चाकणला एकाने तर कमाल केली होती. गाडी तापवून वर ओल्या फडक्याने इंजिन पुसून गार केलं होतं. मिस्त्रींनी वरून हात लावला, मग सिलिंडरच्या खाली, बोटं आत घालून लावला, आणि हात पुसला. "यानं तर आंघोळ घातलीया तिला," चहा पिताना म्हणाले. त्या दिवशी येताना त्यांनी मला घरी जेवायला नेलं. काकू भाकरी थापत होत्या. "ह्यो आपला माणूस हाय, ताट वाढ," एवढीच माझी ओळख करून दिली. मी शिकलेला, पगारदार माणूस, पण त्या चार शब्दांनी जो फुगलो तो आठवडाभर उतरलो नाही.

अकराव्या रविवारी गाडी सापडली. पंधरा वर्षांची, रंग उडालेली, पण इंजिन थंडगार आणि दुसऱ्या किकला चालू. पुढे चार महिने मिस्त्रींनी ती घडवली. हँडलचा कोन ठरवायला मला गाडीवर बसवून स्वतः मागे उभे राहायचे आणि माझ्या पाठीवर हात ठेवून विचारायचे, "कंबर दुखती का? खरं सांग." सीटखालची सांगाड्याची नळी कापताना त्यांचा चेहरा दुःखी झाला होता, तरी कापली. फक्त एका गोष्टीला ते बधले नाहीत. फोटोतल्या गाड्यांना हवेच्या फिल्टरचा काळा डबा नसतो. कार्ब्युरेटरला थेट जाळीचा चकचकीत फिल्टर लावलेला असतो. मला तो हवा होता.

"डबा काढायचा न्हाई," ते म्हणाले. "हवा जादा गेली की सकाळची उठायची न्हाई ती. आन् चाकणच्या रोडची धूळ कोन खाणार?"

मी मान डोलावली. गाडी ताब्यात आल्यावर पंधरा दिवसांतच पिंपरीच्या एका दुकानातून डबा काढून फिल्टर लावून घेतला. फोटो फार झकास आले.

मिस्त्री म्हणाले होते तसंच झालं. सकाळी वीस-वीस किका. गाडी खोकायची, बंद पडायची, आणि गरम झाली की मग गुणी बाळासारखी चालायची. शेड दोन मिनिटांवर होती. जाऊन "चुकलो" म्हटलं असतं तर त्यांनी दोन शिव्या घालून तासाभरात डबा परत बसवला असता. पण मी शेडसमोरचा रस्ता टाळायला लागलो. लांबच्या वळणाने जायचो. मिस्त्री दिसलेच तर फोन कानाला. आपला माणूस म्हणून मिळालेली जागा जाईल याची भीती होती, आणि ती टिकवायला मी त्यांच्यापासूनच पळत होतो. असा सगळा शहाणपणा.

सात-आठ महिन्यांनी वैतागून मी गाडी विकायला काढली. ऑनलाइन जाहिरात टाकली. फिल्टर दिसणार नाही त्या बाजूने फोटो काढले. चाकणकडच्या एका मुलाचा फोन आला. कंपनीत नुकताच लागला होता, रोज गाडीने जाणार होता. रविवारी सकाळी दहाला गाडी बघायला येतो म्हणाला.

रविवारी नऊ वाजता मी गाडी काढली. तेविसाव्या किकला चालू झाली. औंधपर्यंत फिरवून आणली, सावलीत लावली आणि ओलं फडकं घेऊन इंजिन पुसलं. दोनदा पुसलं. हे मला कोणी शिकवलं, हे तेव्हा मनातसुद्धा आलं नाही, असं लिहायचा मोह होतोय. पण आलं होतं. तरी पुसलं.

दहाला तो मुलगा आला, आणि त्याच्या मागून किसन मिस्त्री.

मिस्त्री खुशीत होते. "काय रे, कुठं गायब?" म्हणून त्यांनी माझ्या दंडावर थाप मारली. मुलगा त्यांच्याच गावचा निघाला. तो मोकळेपणाने म्हणाला, "मिस्त्री म्हनले, बघायची गरजच न्हाई. आपल्या मानसाची गाडी हाय, डोळे झाकून घे. ते नुसते चहाला आलेत."

खरोखरच ते गाडी बघायला आले नव्हते. माझ्याशी बोलता बोलता, निव्वळ सवयीने, त्यांचा तळहात इंजिनावर गेला. वरून गार लागलं. ते बोलतच होते, माझ्या आईची तब्येत विचारत होते. मग तीच सवय त्यांची बोटं सिलिंडरखाली घेऊन गेली.

वाक्य अर्ध्यावर थांबलं. त्यांनी वाकून फिल्टर पाहिला. माझ्याकडे पाहतील, शिव्या देतील म्हणून मी वाट बघत होतो. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हात पँटीला पुसला आणि मुलाला म्हणाले, "चल, चहा घेऊ."

मी मागून हाक मारली नाही. गाड्या तापवून ठेवणारे ते सगळे मालक निदान "अहो, चालवून तरी बघा" म्हणायचे. माझ्या तोंडून तेवढंही निघालं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी मी गाडी चालू न करता ढकलत शेडपर्यंत नेली. मिस्त्रींनी वरून-खालून हात लावला. थंड होती. मी सगळं सांगितलं, फडक्यासकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठेवून जावा साहेब. संध्याकाळी मिळंल." गिऱ्हाइकांना ते साहेब म्हणत. त्यांनी डबा बसवला, कार्ब्युरेटर जुळवून दिला, गाडी पहिल्या किकला उठायला लागली. काम एक नंबर होतं. गाडी मी ठेवूनच घेतली. पुढची तीन वर्षं मी निमित्त काढून शेडवर जात राहिलो. ते चहा पाजायचे, गाडीची चौकशी करायचे. कधी तोडून बोलले नाहीत. पण 'अरे'वर परत आले नाहीत. बसा साहेब, या साहेब.

यंदा फेब्रुवारीत मिस्त्री गेले. भेटायला घरी गेलो तेव्हा काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारी गावाकडची एक म्हातारी होती. तिने हळूच विचारलं, हे कोण. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, ओळखलं.

"ह्ये साहेब व्हय," त्या म्हणाल्या. "त्यांचं गिऱ्हाईक."

मी मान हलवली आणि बसून राहिलो. त्यात खोटं काहीच नव्हतं.