मुकादमाला पाहायला कोण कोण आलं

लाखनीच्या राइस मिलमध्ये कोणाच्या अंगात कणकण आली की डॉक्टरच्या आधी पुंडलिकराव पोचत. ते हमालांचे मुकादम. पोती उचलणं गुडघ्यांनी सोडायला लावलं होतं, आजाऱ्याला पाहायला जाणं मात्र सुटलं नव्हतं. कोणाला गळू होवो नाहीतर पोट बिघडो, संध्याकाळी मिल थांबली की खांद्यावर दुपट्टा, हातात बिस्किटाचा पुडा आणि मागे सगळे हमाल, अशी वरात निघे. जो आला नाही त्याला ते वर्षभर टोचून खात. आपण पडलो तर अर्धी लाखनी दारात उभी राहील, याची त्यांना खात्री होती.

यंदाच्या थंडीत सर्दी-तापाची साथ आली. मिलचं ऑफिस सांभाळणाऱ्या गुंजननं, मालकाच्या सुनेनं, नियम केला: ज्याला ताप त्यानं घरी बसायचं, रोजी कापणार नाही. पहिला घरी बसला तो चिंधू.

त्याच संध्याकाळी पुंडलिकरावांची फौज चिंधूच्या बाजेभोवती. प्रत्येकानं त्याच्या कपाळावर हात ठेवून ताप पाहिला.

"भट्टी होऊन राहिली गा," मुकादम म्हणाले.

"हट, कोमट आहे," हमाल सुखराम म्हणाला. "मागच्या साली मले याच्याहून जास्त होता."

चिंधू सगळ्यांच्या तोंडावर मनापासून खोकला. घरात कप थोडेच, तेच नुसते विसळून फिरले.

दोन-तीन दिवसांत मिलमध्ये पोती उचलणारे कमी आणि शिंकणारे जास्त झाले. गुंजननं मुकादमांना बोलावलं.

"काकाजी, चिंधूले घरी बसवलं ते ताप त्याच्या घरी राहावा म्हणून. तुम्ही तो ताप आणाले गेले."

"बाई, आजाऱ्याले पाहाले नाई जाचं, त माणसात कायले राहाचं?"

"मिल बंद पाडाची आहे का? बरा होयेपर्यंत कोणाच्या घरात पाय ठेवाचा नाई."

पुंडलिकरावांनी पडल्या तोंडानं सगळ्यांना हुकूम ऐकवला आणि दुसऱ्या सकाळी स्वतःच फणफणले.

घरापुढच्या सपरीत, ओसरीवरच्या बाजेवर पडून ते फाटकाकडे डोळे लावून राहिले. फाटक वाजलं की उठून बसत. एकदा बकरी आली. नंतर पुन्हा तीच.

"काहून उठता घडीघडी?" त्यांची बायको सत्यभामाबाई काढा देत म्हणाल्या. "तुमीच सांगतलं ना, कोणी जाऊ नोका म्हणून."

"मी दुसऱ्याच्या घरचं सांगतलं."

"मंग बोला आता बकरीसंग."

संध्याकाळी मिल थांबली. थोड्या वेळानं रस्त्यावर पावलं वाजली. कुंपणापलीकडे सगळे हमाल तोंडाला दुपट्टे बांधून उभे होते. घरात पाय ठेवायचा नव्हता. रस्ता काही मुकादमाचा नव्हता.

"मुकादम, कसं आहे जी?" सुखरामनं हाक दिली.

मुकादमांचा घसा बसलेला. कारभार सत्यभामाबाईंनी हाती घेतला.

"बरे आहेत. दिवसभर माय माय करत होते."

"जेवले का?"

"थाळीभर भात. वरून म्हणते तोंडाले चव नाई."

"झाडा झाला का?"

मागून ट्रक गेला म्हणून सुखरामनं पुन्हा, अजून मोठ्यानं विचारलं. समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईकही उत्तरासाठी थांबलं.

"नाई झाला," सत्यभामाबाईंनी साऱ्या आळीला कळवलं.

"एरंडीचं तेल द्या," समोरून शेजारीण देवकाबाई ओरडल्या.

पुंडलिकरावांनी चादर तोंडावर ओढली. तिच्या फटीतून मात्र ते एकेक चेहरा पाहत होते. चिंधूसुद्धा आला होता. खोकला अजून होता, म्हणून सगळ्यांपासून दूर, विजेच्या खांबाशी उभा. बिस्किटाचे पुडे फाटकाला अडकवून वरात गेली.

त्यानंतर मिलमध्ये नवं कोणी पडलं नाही. चार दिवसांनी पुंडलिकरावांचा ताप उतरला. त्यांनी आंघोळ केली, दोनदा भात घेतला, बकरीला हाकललं. मिल थांबायची वेळ झाली तसे ते पुन्हा बाजेवर जाऊन बसले आणि कानांवरून चादर गुंडाळली.

"ताप त सकाळीच उतरला ना?" सत्यभामाबाई म्हणाल्या.

"मिलचा फिटर आनंदराव पाहाले याचा राहिला," पुंडलिकराव म्हणाले आणि एकदा खोकून पाहिलं, जमतं का ते.