उजव्या हाताची सवय

मातेय क्रुपिच्काचा उजवा पंजा कधी पुरता उघडत नसे. पाव उचलताना, टोपी काढून कुणाला अभिवादन करताना, अगदी झोपेतसुद्धा त्याची चारही बोटे एकमेकांना चिकटलेली असत आणि तळवा पळीसारखा खोलगट. पुढे त्याची बायको झालेल्या बार्बोराला त्याने पहिल्यांदा नाचायला नेले, तेव्हा ती मैत्रिणींना म्हणाली होती, "पाठीवर हात ठेवलाय की पाणी प्यायला पसा धरलाय, तेच कळेना बाई!"

ही सवय त्याला तिथल्या जहागीरदाराच्या, काउंटच्या हवेलीत लागली. वडील काउंटच्या जंगलाचे राखणदार होते. त्या काळी हवेलीत नोकर ठेवताना आधी विचारत, वाजवतोस काय? ज्याला काहीच वाजवता येत नसे, त्याला उष्टी ताटे उचलायलासुद्धा घेत नसत. म्हणून वडिलांनी मातेयला हवेलीतल्या म्हाताऱ्या हॉर्नवाल्याच्या हवाली केले. तेव्हाचा हॉर्न म्हणजे पितळेची वेटोळी घातलेली नुसती नळी. तिला ना भोके, ना झडपा. फुंकरीने मोजकेच सूर निघत. बाकीचे काढायचे ते नळीच्या रुंद तोंडात, म्हणजे कर्ण्यात, उजवा पंजा घालून. पंजा जरा मिटला की सूर खाली उतरे, उघडला की वर चढे. किती मिटायचा हे डोळ्यांना दिसत नाही आणि सांगून कळत नाही. म्हातारा मातेयच्या हातात दिवसभर एक लाकडी वाटी ठेवी. वाटी सुटली की छडी बसे.

मग सकाळी तबकातून कॉफी न्यायची, दुपारी जेवणाऱ्यांच्या खुर्चीमागे उभे राहायचे आणि संध्याकाळी त्याच वर्दीत बसून हॉर्न वाजवायचा, अशी त्याची तरुणपणाची वर्षे गेली. काउंट वारले. त्यांच्या मुलाला संगीतापेक्षा घोडे आवडत. वाद्यवृंद मोडला, आणि मातेय बायकोला घेऊन लाबे नदीकाठच्या शहरात आला. तिथल्या नाटकगृहाने त्याला पहिल्या हॉर्नच्या खुर्चीवर बसवले. त्या खुर्चीवर तो म्हातारा झाला.

त्याच्या डाव्या हाताला दुसरा हॉर्न, हिनेक दोलेयशी. हॉर्नवाले बैलजोडीसारखे असतात. पहिला वरचे सूर वाजवतो, दुसरा खालचे. पहिल्याचे ओठ वरच्या सुरांसाठी असे घट्ट होऊन बसतात की पुढे त्याला खाली उतरता येत नाही. हिनेक वयाने बराच लहान, तोंडाने फटकळ, आणि मातेयला सगळ्यांदेखत 'काका' म्हणणारा. प्रयोग संपला की दोघे कोपऱ्यावरच्या खानावळीत एकाच बाकावर बसून बिअर पीत. तिथेही मातेय उजवीकडे आणि हिनेक डावीकडे.

प्रशियाच्या फौजा येऊन गेल्या, त्याच्या पुढच्या वर्षी नाटकगृहाच्या वाद्यवृंदाला नवा संचालक आला. विटिख त्याचे नाव. माणूस वाईट नव्हता. त्याने पहिल्याच आठवड्यात मातेयला खोलीत बोलावले, खुर्ची दिली आणि म्हणाला, "क्रुपिच्का महाशय, तुमच्यासारखा सूर मी फार थोड्या ठिकाणी ऐकलाय. पण शरदातल्या मैफलीला मी नवी सिम्फनी घेतोय. तिच्यातली हॉर्नची धून चार सुरांच्या आत पट्टी सोडून दुसऱ्या गावाला जाते. नुसत्या हातानं ती नाही निघायची."

"काढून बघतो, मास्तर."

"काढाल हो तुम्ही. पण निम्मे सूर उजळ आणि निम्मे घोंगडीखालून आल्यासारखे. हल्लीच्या लिहिणाऱ्यांना तसं नको असतं. नाटकगृह झडपांचे दोन हॉर्न घेतंय. सबंध उन्हाळा तुमचा. शिकून घ्या."

घोंगडीखालचे म्हणून मास्तर ज्यांना हिणवत होता, त्याच सुरांवर त्याचा जीव होता. उघडा सूर कुणालाही काढता येतो, असे त्याला वाटे. झाकलेल्या सुरात वाजवणाऱ्याचा हात असतो. पण हे संचालकापुढे कसे मांडायचे, ते त्याला सुचले नाही. तो नवा हॉर्न बगलेत मारून घरी आला.

नव्या हॉर्नला डाव्या हाताशी तीन चाव्या होत्या. चावी दाबली की झडप फिरे, नळी लांब होई आणि सूर आपसूक खाली येई. उजव्या पंजाने कर्ण्यात नुसते पडून राहायचे. काही करायचे नाही. हिनेकला ते चार दिवसांत जमले. "काका, हे तर बाळंतिणीलासुद्धा जमेल," तो म्हणाला. "हात आत घालायचा आणि झोपवायचा. झोप रे बाळा!"

मातेयचा हात झोपेना. डावी बोटे चटकन शिकली. पण चावी दाबायच्या क्षणी उजवा पंजाही मिटे. झडपेने सूर एकदा उतरायचा आणि पंजाने पुन्हा उतरायचा, त्यामुळे तो भलत्याच ठिकाणी जाऊन पडे. मातेय हाताला शिव्या देई. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तो नदीकाठच्या धोबिणींच्या छपरात जाऊन बसू लागला. धोबिणींनी पहिल्या आठवड्यात कौतुक केले. दुसऱ्या आठवड्यात एकजण म्हणाली, "आजोबा, गाय आजारी आहे का हो तुमची?"

शेवटी बार्बोराने उपाय काढला. तिने कंबर आवळायच्या आपल्या जुन्या चोळीतल्या देवमाशाच्या हाडाच्या काड्या उसवल्या, एका मोज्याचे बोटांपुरते आवरण केले आणि त्यात त्या शिवून टाकल्या. ते हातावर चढवले की पंजाला मिटताच येत नसे.

"बघा, आता कसा मिटतो ते," ती म्हणाली. "माझी कंबर एवढी वर्षं आवळून धरली ह्या काड्यांनी. तुमची चार बोटं काय जड आहेत त्यांना?"

"लोक हसतील गं."

"हसू देत. खुर्ची गेली तर कोण हसायला येणार आहे?"

त्या मोज्याने काम केले. तालमीत धून सरळ निघाली. विटिख ताल द्यायची काठी खाली ठेवून म्हणाला, "शाब्बास! जमलं की, क्रुपिच्का महाशय. ती खुर्ची तुमचीच." वाद्यवृंदातल्यांनी समोरच्या स्वरलिपीच्या घोड्यांवर टकटक करून दाद दिली. मातेयचे कान लाल झाले. हिनेकने त्याला कोपराने ढोसले आणि कुजबुजला, "काका, हाताला दूध पाजून निजवलंत वाटतं!" आणि मातेय बऱ्याच महिन्यांनी मोठ्याने हसला.

मैफल रविवारी भर दुपारी होती. सगळे शहर दाटीवाटीने येऊन बसले होते. बार्बोरा वरच्या सज्जात, हिनेकच्या बायकोशेजारी. मातेय काळा कोट घालून खुर्चीवर बसला आणि त्याने मोजा बाहेर काढला. समोरच्या रांगेतली एक बाई दुर्बिणीतून त्याच्याकडेच बघत होती. त्याला वाटले, तालमीत इतक्या वेळा बरोबर वाजले, म्हणजे आता हात शिकला असणार. एवढ्या वयात हाताला लहान मुलासारखे बांधून लोकांसमोर बसायचे? त्याने मोजा परत खिशात ठेवला. हिनेकने ते पाहिले. "घाला ना," तो पुटपुटला. मातेयने नकारार्थी मान हलवली.

धीम्या भागात सगळी तंतुवाद्ये थांबली आणि धून त्याच्यावर आली. पहिले चार सूर असे उतरले की विटिखने डोळे मिटले. मग धून वळली. त्या वळणावर मातेयने चावी दाबली, आणि उजवा पंजा मिटला. त्याने तो मिटताना पाहिला नाही, त्याला फक्त ऐकू आले. सूर विहिरीत पडलेल्या पोहऱ्यासारखा खाली गेला. तो सावरायला त्याने ओठ ताणले, तर सूर फाटला. पुढचा सूर आलाच नाही.

तो आला डावीकडून. हिनेकने श्वाससुद्धा न घेता धून उचलली होती. तालमींत शेजारी बसून ऐकल्याने ती त्याला पाठ झाली होती. त्याने ती इतकी अलगद पुढे नेली की पहिल्या रांगेतल्या बाईने दुर्बीण हलवली नाही. मातेयने हॉर्न ओठांपाशी तसाच धरून ठेवला. तो वाजवत नव्हता. लोकांना मात्र तोच वाजवतोय असे वाटत होते.

शेवटी टाळ्यांचा पाऊस पडला. विटिखने पद्धतीप्रमाणे हॉर्नवाल्यांना उभे राहायची खूण केली. हिनेक उठला. मातेय बसून राहिला. हिनेकने त्याच्या दंडाला धरून त्याला उभे केले, आणि टाळ्या आणखी वाढल्या.

दुसऱ्या दिवशी विटिख त्याला काही टाकून बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते. तो एवढेच म्हणाला, "तुम्हाला दुसऱ्या खुर्चीवर बसवलं असतं, पण खालचे सूर तुमच्या ओठांत नाहीत." मातेय म्हणाला, "नाहीत, मास्तर." त्याने नवा हॉर्न पुसून टेबलावर ठेवला आणि तो बाहेर पडला.

घरी येऊन त्याने जुना हॉर्न काढला. निदान हा तरी आपला आहे, असे मनाशी म्हणत त्याने एक साधी शिकारीची धून सुरू केली. उघडे सूर आले. झाकायचे सूर आले तेव्हा पंजा पडूनच राहिला. उन्हाळाभर त्याला मिटू नकोस म्हणून सांगितले होते. मातेयने मुद्दाम मिटला, तर गरजेपेक्षा जास्त मिटला. मग कमी. किती, ते हाताला आठवेना. त्याने पुन्हा वाजवले, आणि पुन्हा. स्वयंपाकघरात बार्बोरा शहाजिऱ्याचे सूप ढवळत होती. तिचा डाव थांबला. ती आत आली नाही.

थंडी सुरू झाली आणि एका दुपारी हिनेक आला. हातात खसखशीच्या भरल्या पावांची पुरचुंडी होती. "काका, चला. म्हातारे वनाधिकारी गेले. त्यांच्या कबरीच्या खड्ड्यापाशी जुन्याच हॉर्नची जोडी हवीय घरच्यांना. झडपा नकोत म्हणतात. तुम्ही वर, मी खाली. विटिखबिटिख कुणी नाही तिथं."

"दुसरा कुणी बघ."

"दुसरा? ह्या शहरात दुसरा आहे कोण? काका, मी तुमची धून चोरली म्हणून राग आहे का? मी नसती घेतली तर तिथं भोक पडलं असतं हो!"

"मला यायचं नाही."

"एवढा अहंकार?" हिनेकचा आवाज चढला. "प्रेतासाठी दोन सूर वाजवायलासुद्धा पहिल्या खुर्चीचं आमंत्रण लागतं तुम्हाला? बसा मग घरात रुसून!" पुरचुंडी टेबलावर आपटून तो जिना उतरून गेला. खाली दार आदळल्याचा आवाज आला.

बार्बोरा म्हणाली, "खरं सांगायचं होतंत त्याला."

"नको," मातेय म्हणाला. "रुसलाय म्हणू दे. रुसलेल्याला येत असतं, तो फक्त वाजवत नाही."

वनाधिकाऱ्याच्या खड्ड्यापाशी हिनेकने एकट्यानेच खालचे सूर वाजवले, असे बाजारात कुणीतरी बार्बोराला सांगितले. वरची बाजू रिकामीच होती. तिने ते घरी येऊन सांगितले नाही. हिनेक पुन्हा कधी त्यांचा जिना चढला नाही, आणि मातेयने त्याला कधी बोलावणे धाडले नाही.