परराष्ट्र धोरणाची वर्गणी

कोल्हापुरात बसून परराष्ट्र धोरणावर चर्चा करणारी संस्था चालवायची, तर थट्टा सहन करायची तयारी लागते. "काय बाई, काय म्हणतीया तुमची अमेरिका?" असं भाजीवालासुद्धा विचारतो. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि या संस्थेची चिटणीस झाले. चिटणीस आपलं म्हणायला, खरं काम देणग्या मागत फिरायचं. महिन्याला एक व्याख्यान, हॉलचं भाडं, बाहेरगावच्या वक्त्याचा प्रवासखर्च आणि वर्षातून चार वेळा निघणारा एक बारीकसा अंक, एवढा आमचा संसार. तो सगळा लोकांच्या देणगीवर चालतो.

आमच्या अटी तीन. कुठल्याही पक्षाचा पैसा घ्यायचा नाही, सरकारचा घ्यायचा नाही आणि देणगीदाराला व्यासपीठावर बसवायचं नाही. यातली तिसरी पाळणं या गावात सगळ्यात अवघड. इथं देवळाला पंखा दिला तरी पात्यांवर नाव लिहिलेलं असतं. आम्ही साधा फेटाही बांधत नाही म्हटल्यावर पुष्कळ जण हात खिशातून मोकळाच बाहेर काढतात. एका पुढाऱ्यानं वर्षभराचं भाडं भरायची तयारी दाखवली होती. मागच्या पडद्यावर त्याचा फोटो असावा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. नकाराचं पत्र मी लिहिलं. चांगलं दीड पान लिहिलं, आणि आमची संस्था कुणाचीच नाही म्हणून ती सगळ्यांची आहे, असं त्यात ठणकावून सांगितलं. ते पत्र मला तेव्हा फार आवडलं होतं.

आमचे देणगीदार म्हणजे वारणानगरचे एक निवृत्त प्राध्यापक, दोन डॉक्टर, एक गुळाचे व्यापारी असे. आणि कळंब्याच्या रस्त्याला खानावळ चालवणाऱ्या मावशी. मावशींचा मुलगा त्याच खानावळीत हात भाजून घेत शिकला आणि मालवाहू जहाजावर स्वयंपाकी झाला. व्याख्यानाची जाहिरात वाचून मावशी एकदा आपणहून आल्या, शेवटच्या रांगेत बसल्या, निम्मा वेळ पेंगल्या आणि जाताना टेबलाशी थांबल्या.

"तुमी भायेरच्या देशांचं बघता न्हवं? माझं पोरगं तिकडंच असतंय. घ्या की आमची बी वर्गणी."

मी हसून पावती फाडली. मग दर वर्षी त्या न मागता यायच्या. आम्ही त्यांना कधी काही दिलं नाही, त्यांनीही कधी काही मागितलं नाही. सभेत मी कौतुकानं सांगायचे, की आमच्याकडे खानावळवाल्या मावशीसुद्धा देणगी देतात. त्या का देतात, हे मात्र मी एकदाही नीट विचारलं नाही.

मागच्या वर्षी मावशींच्या मुलाचं जहाज एका सामुद्रधुनीत अडकलं. तिथं दोन देशांची जुंपली होती. एका बाजूच्या सैन्यानं जहाज बंदरात नेऊन लावलं आणि त्यावरची अठराही माणसं ओलीस धरली. जहाजाच्या मालकानं हात वर केले. दुसऱ्याच दिवशी सकाळी मावशी माझ्या घरी आल्या. बरोबर सून होती आणि गल्लीतली दोन माणसं. मला वाटलं, बातमी समजून घ्यायला आल्या असतील.

"तुमची मान्सं कवा निघणार?" मावशींनी विचारलं.

"कुठं?"

"तिकडं, बोलणी करायला."

मग एकदम उमगलं. इथं माणूस पेठेतल्या तालमीला वर्गणी देतो ती काही फक्त गणपतीसाठी नाही. घरात कुणाला रक्त लागलं, पोराला पोलिसांनी उचललं, माणूस गेलं, की तालमीची माणसं न बोलावता दारात येतात. ज्यानं वर्गणी घेतली त्यानं उभं राहायचं, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. गावातल्या संकटाला मावशींची पेठेतली तालीम होती. तसे देशाबाहेरच्या संकटाला आम्ही. आणि इतकी वर्षं मी पावत्या फाडत होते.

मी सांगितलं, की मावशी, आम्ही फक्त अभ्यास करतो, बोलतो, लिहितो. आमची दिल्लीत कुणाशी ओळख नाही, तशी ओळख नसावी म्हणूनच आम्ही धडपडतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अब्यास झालाय न्हवं पण तुमचा? मग सांगा की त्यास्नी."

सांगितलं. परराष्ट्र मंत्रालयाला अर्ज केले, तिथल्या आपल्या दूतावासाला लिहिलं, व्याख्यानाला येऊन गेलेल्या एका निवृत्त राजदूतांना फोन केला. अर्ज मिळाल्याचं छापील उत्तर आलं. राजदूत खिन्नपणे म्हणाले, की सध्या गप्प राहण्यातच देशाचं हित आहे. यातला शब्दन् शब्द मला पटत होता. याच विषयावर मी स्वतः लेख लिहिला होता. मला माझीच चीड आली.

शेवटी त्या पुढाऱ्याकडे गेले. जाताना मानहानीची तयारी केली होती. त्यानं टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं, पण त्यानं चहा मागवला आणि माझ्यासमोरच तीन फोन लावले. तिसरा ठेवून तो म्हणाला, "खरं सांगू का बाई? आमचं बी तिथं कोण ऐकत न्हाय. गावात आपला फोटो लावून घ्यायचा, झालं." दारापर्यंत तो सोडायला आला. बाहेर पडल्यावर मला रिक्षा सापडेना, की रिक्षा समोर असून दिसत नव्हती, कोण जाणे.

तेव्हापासून मावशी दर महिन्याला येतात आणि आता पहिल्या रांगेत बसतात. पेंगत नाहीत. वक्ता कुठल्याही देशाबद्दल बोलत असो, त्या कान देऊन ऐकतात. मला व्यासपीठावरून त्यांच्याकडे बघवत नाही. जोतिबाला नारळ वाढवून आल्या की प्रसाद मला आणून देतात, आणि मी तो घेते.

परवा त्यांनी मला खानावळीत बोलावून घेतलं. तिकडचे पहारेकरी अधूनमधून ओलिसांना दहा मिनिटं घरी फोन करू देतात, त्याचा दिवस होता. फोन यायच्या आधी मावशी खालच्या आवाजात म्हणाल्या, "बाई, त्यो दर खेपेला इचारतोय, कोण बघायलंय का आपलं. मी सांगितलंय, बाईंची संस्था रातंदिस खटपट करायलीया. तुमी निस्तं व्हय म्हणा." मी नाही म्हणायला तोंड उघडलं तोवर फोन वाजला. दोन वाक्यं बोलून त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"नमस्कार बाई," तो म्हणाला. आवाज बसलेला होता. "आई म्हणती, तुमी लई धावपळ करायलाय आमच्यासाठी."

"हो," मी म्हणाले.

"किती दीस लागतील अजून?"

त्या सामुद्रधुनीवर मी दोन तास बोलू शकते. कुठल्या देशाला तिथं काय हवंय, कोण कुणाला का दुखावणार नाही आणि अठरा गरीब खलाशांसाठी कुणीच का हलणार नाही, हे सगळं मला पाठ होतं. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"आता फार नाही," मी म्हणाले.

त्यानं फोन बाजूला धरला असावा. तो हिंदीत कुणाकुणाला सांगत होता, की आमच्या कोल्हापूरच्या बाईंनी कळवलंय, आता फार दिवस नाहीत. मग पलीकडून टाळ्या ऐकू आल्या.