हातातलं वजन

गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि सावकाश श्वास सोडायचा. खोल उतरण्याआधी अण्णांचं हे ठरलेलं. डोकं अलगद पाण्याखाली गेलं, तर कमरेच्या पट्ट्यातलं शिसं बरोबर. नाही गेलं, तर बाहेर येऊन पट्टा सोडून त्यात शिसं वाढवायचं.

पाठीवर हवेची टाकी बांधून धरणांची दारं दुरुस्त करणारे अण्णा मूळचे चिंताकी गावचे. बिदरला मैलूरमध्ये आमच्या शेजारी राहत. ते पाण्यात असले की त्यांच्या कमरेचा दोर काठावर माझ्या हातात असे.

तसे अबोल, पण वजनाचा विषय निघाला की खुलायचे. एकदा कुणीतरी चिडवलं, "अण्णा, एवढी भजी खाल्लाव, एक शिसं काढा." ते गंभीरपणे म्हणाले, "काढावं लागंल. पोटातलं काय सुटत न्हाई."

जड दिवा न्यायचा असला तर तो छातीला आवळून बांधत आणि तेवढं शिसं कमी करत. हत्यारं मात्र वेगळ्या दोरानं खाली सोडायला लावत. मला सांगत, "अंगाला बांधलेलं वजनात धरायचं. हातातलं न्हाई. हातातलं कवा सुटंल काय सांगावं?" सुटलं तर माणूस एकदम हलका होऊन वर फेकला जातो. त्यात श्वास रोखलेला असला, तर छातीतली हवा फुगून फुप्फुस फाटतं.

मागच्या हिवाळ्यात त्यांचा धाकटा भाऊ तलावात पंपाचा पाइप मोकळा करायला उतरला, तो वर आलाच नाही. तलावात बुडालेल्या एका शेताच्या काटेरी तारेत तो अडकला होता. अण्णा एकदा खाली जाऊन पाहून आले. तार कापायला मोठा लोखंडी कटर लागणार होता. वेगळा दोर सोडला असता तर तोही तारेत गुंतला असता. त्यांनी कटर हातात घेतला, गाळात रुतू नये म्हणून पट्ट्यातलं तेवढं शिसं काढलं.

मी म्हणालो, "अण्णा, हातातलं धरायलाव वजनात."

"आज हातातलं काय सुटत न्हाई," ते म्हणाले. गळ्यापर्यंतच्या पाण्यात ते थांबलेसुद्धा नाहीत.

बराच वेळ दोर ताठ होता. मग एकाएकी ढिला पडला. मी ओढायला लागेपर्यंत दोघंही वर आले होते. अण्णांच्या दोन्ही हातांची मिठी भावाला होती. कटर खालीच राहिला होता. त्यांच्या तोंडातून फेसाळ रक्त येत होतं. ओझं उचलताना माणूस श्वास धरतो, तसाच त्यांनीही धरला असेल. दवाखान्याच्या वाटेवरच ते गेले.

चिंताकीला आधी धाकट्याचा मृतदेह नेला. अण्णा गेल्याचं त्यांच्या आईला कुणी कळवलं नव्हतं. तिनं धाकट्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, मग आमच्या मागं रस्त्याकडं पाहत मला विचारलं,

"थोरला मागनं यायलाय का? लई दमला असंल त्यो."