सरलाबाईंचा खिळा आणि भिंतीवरची सवत

आमच्या सुरतेच्या दिंडोलीत सध्या एक बातमी फिरते आहे. सरलाबाई बोरसेंनी म्हणे दसऱ्याच्या दिवशी पराग देवरेच्या घरातल्या टॅबवर कुंकू लावून करणी केली आणि नवराबायकोला घराबाहेर काढलं. बाजूच्या सोसायटीत पोचेपर्यंत त्यात लिंबू आलं, मिरच्या आल्या, आणि काल दूधवाल्याने मला सांगितलं तेव्हा एक काळी बाहुलीही आली होती.

मी तिथे उभा होतो. लिंबू नव्हतं, बाहुली नव्हती. हळद होती, कुंकू होतं, झेंडूची माळ होती, आणि हे सगळं परागच्या बायकोने, अनुजाने, स्वतः सांगून लावून घेतलं होतं. करणी हा शब्द पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघाला याची चौकशी करण्यात काही अर्थ नाही. हे लिहिताना माझी बायको मंदा माझ्याकडे बघते आहे, पण तिला तशी बघायची सवयच आहे.

तर सरलाबाई. राहायला पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून. मूळच्या शिरपूरकडच्या, बोलणं अजून अहिराणीच. लग्न करून सुरतेत आल्या त्या सुकदेवभाऊंच्या मागे. सुकदेवभाऊ पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये रंगखात्यात होते. आज हात जांभळे, उद्या पोपटी. एकदा हिरव्यागार हातांनी सत्यनारायणाला बसले, तर भटजींनी तीर्थ लांबूनच दिलं. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागे राहिली ती एक फळी.

ही फळी सरलाबाईंच्या दाराच्या आतल्या बाजूला आहे. फळीला खिळे, आणि खिळ्यांवर आख्ख्या सोसायटीच्या चाव्या. आमच्याकडे बहुतेक घरं खानदेशातली. अक्षय्य तृतीयेची आखाजी आली, लग्नसराई आली, की कुलपं लावून जो तो नंदुरबार-धुळ्याची वाट धरतो, आणि जाताना चावी सरलाबाईंकडे. चावीवर घराचा नंबर लिहिला तर चोराचं काम सोपं होईल, म्हणून सुकदेवभाऊंनी मिलमधून रंगीत चिंध्या आणून एकेका चावीला बांधल्या. कुठला रंग कोणाचा, हे फक्त बाईंना ठाऊक. तुळशीला पाणी घालणं, गॅसची टाकी उतरवून घेणं, दूध आत घेणं, सगळं त्या करतात. कोण ताटं न विसळता गावाला गेलं, कोणाच्या देव्हाऱ्यात जाळी झाली, कोणाच्या फ्रिजमध्ये कसल्या बाटल्या आहेत, सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

आणि बाई सांगत नाहीत. एवढा माल जवळ असून तोंड उघडत नाहीत. मला याचा किती त्रास होतो ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

माझ्याकडे आजवर कोणी चावी ठेवलेली नाही. वास्तविक मी तिसऱ्या मजल्यावरचा जुना माणूस, चलथाणच्या साखर कारखान्यात नोकरी, गणपतीत मंडळाचा माइक माझ्याच हातात. तळमजल्यावरच्या गणेशला मी एकदा स्वतःहून म्हणालो, "अरे, चावी माझ्याकडे ठेवत जा की." तो म्हणाला, "भाऊ, तुमच्याकडे ठेवली तर माझ्या कपाटात काय आहे ते संध्याकाळी चलथाणला कळेल." आमची स्वतःची चावीसुद्धा मंदाने मला न विचारता सरलाबाईंकडे टांगली आहे. मोरपंखी चिंधी. आमच्या घराला मोरपंखी, आणि परागच्या घराला झळझळीत पिवळी. तिथेही डावं-उजवं.

पराग दुसऱ्या मजल्यावर राहतो. तो बँकेत, अनुजा मराठी शाळेत शिक्षिका. दोघं सकाळी निघतात ते दिवे लागल्यावर परततात, म्हणून त्यांची चावी तर रोज खाली-वर व्हायची. अनुजा ऑनलाइन वर्ग घ्यायची तेव्हाचा एक टॅब घरात पडून होता. श्रावणात एका रविवारी परागने त्याला कामाला लावलं. दाराशेजारच्या भिंतीत ड्रिलने भोकं पाडली, स्टँड ठोकला, चार्जरची वायर पट्टीत लपवली आणि टॅब देवाच्या तसबिरीसारखा कायमचा टांगला. मी ड्रिलचा आवाज ऐकून गेलो. तसं काही काम नव्हतं.

"हे काय नवीन?" मी विचारलं.

"घराचा रिमोट समजा, भाऊ," पराग म्हणाला. "दिवे, पंखे, गीझर, दारावरचा कॅमेरा, सगळं या एका स्क्रीनवर." आणि दाखवायला लागला. हॉलचं एक चौकोनी बटण, किचनचं एक. 'घरी आलो' असं लिहिलेलं एक, ते दाबलं की दिवा, पंखा, टीव्ही एकदम सुरू. 'सगळं बंद' असं लाल बटण, ते दाबलं की घर झोपलं. दाराच्या लॅचला आतून एक डबी बसवली होती. मोबाइलवरून सांगितलं की डबी फिरते आणि दार उघडतं. "जुनी चावी बाहेरून चालतेच," तो म्हणाला, "पण आता लागणार कोणाला?"

मी घरी येऊन आमच्या बोर्डाकडे पाहिलं. एक बटण टेपने चिकटवलेलं, एक दाबलं की शेजारचा पंखा फिरतो. मंदा म्हणाली, "परागकडे बघा जरा." मी म्हणालो, "बघूनच आलो." त्या दिवशी आमच्याकडे आमटी खारट झाली.

पण माझं जळणं किरकोळ. खरं जळणं पहिल्या मजल्यावर सुरू झालं. पराग संध्याकाळी खाली उतरला आणि म्हणाला, "मावशी, आमची चावी द्या ना. आता तुम्हाला रोज त्रास नको. दार आता मोबाइलवरून उघडतं."

सरलाबाईंनी चावी काढली, गाठ सोडली, चावी त्याच्या हातावर ठेवली. चिंधी दिली नाही. ती पुन्हा खिळ्याला बांधली.

"त्रास कोनी सांगितला तुले?" एवढंच बोलल्या.

त्यानंतर त्या टॅबला नाव न घेता 'ती' म्हणायला लागल्या. पराग जिन्यात भेटला की विचारायच्या, "काय रे, तुनी ती काय म्हनस? गॅसवाला आला तर दार उघडस का ती?"

"उघडते की, मावशी. मी बँकेतून बघतो, दार उघडून देतो."

"आणि टाकी उचलस का ती?"

पराग हसून सुटायचा. मग कधीतरी त्याच्याही तोंडात तेच बसलं. अनुजाने विचारलं गीझर चालू आहे का, तर म्हणायचा, "तिला विचार." दारावर कोण आलंय, "तिला विचार." हे 'तिला विचार' सरलाबाईंनी जिन्यातून ऐकलं की त्या हातातली भाजी जरा जोरात निवडायच्या.

मी थोडी हवा दिली, नाही असं नाही. एकदा म्हणालो, "मावशी, गणेशपण टॅब घेतोय म्हणे." गणेश तेव्हा काही घेत नव्हता. पण आठवड्याभरात तो खरंच आला आणि चावी मागून घेऊन गेला. परागने त्याला त्याच्या जुन्या फोनवरच सगळं बसवून दिलं होतं. फळीवर आता दोन नुसत्या चिंध्या, पिवळी आणि विटकरी. मी पाहिलं, बाई रोज त्या फळीवरून फडकं फिरवतात. रिकाम्या खिळ्यावरूनही. एकदा मी माझी छत्री सहज पिवळ्या खिळ्याला अडकवली. त्यांनी ती काढून माझ्या हातात दिली. "तो खिळा मोकळा नई शे," म्हणाल्या. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझी गंमत या बाईंना कुठे लागते आहे. अख्खी फळी रिकामी झाली तर सरलाबाई म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक म्हातारी, बस.

मग दसरा आला. सकाळपासून सगळी सुरत फाफडा-जलेबीच्या रांगेत. आमच्याकडे मात्र आधी पूजा. दरवर्षी सरलाबाई ताट घेऊन निघतात आणि सोसायटीतल्या एकूण एक यंत्राची पूजा करतात. सुकदेवभाऊ मिलमधल्या मशिनींची करायचे, ते यांनी इथे चालू ठेवलं. पाण्याची मोटार, मीटरची पेटी, शिलाईची मशीन, सगळ्यांना हळदकुंकू आणि फूल. हळद त्या पाण्यात चांगली कालवतात आणि पाच बोटांनी ओढतात. पाचही बोटं उमटली पाहिजेत, नाहीतर पूजा मोजत नाहीत.

दुसऱ्या मजल्यावर आमची वरात पोचली. मी मागे होतो, प्रसादाच्या बाजूला. पराग खाली स्कूटर धूत होता. अनुजा दारात आली आणि म्हणाली, "मावशी, आमच्या टॅबची पण करा ना. घर तर हाच चालवतो."

सरलाबाई थांबल्या. टॅबकडे पाहिलं. सवतीची ओटी भरायला सांगितल्यासारखा चेहरा. पण दसऱ्याला यंत्राला नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा नेम. त्यांनी पाच बोटं ओल्या हळदीत बुडवली आणि काचेवर वरपासून खालपर्यंत ओढली. मग कुंकू. मग अक्षता. मग झेंडूची माळ. अजिबात कसर ठेवली नाही. उलट मला वाटतं, मोटारीपेक्षा थोडी जास्तच केली.

तेवढ्यात खालून परागने हाक मारली, स्कूटरची पूजा राहिली म्हणून. अनुजा, बाई, मी, सगळे खाली आलो. दार मागे ओढलं गेलं आणि लॅच लागलं.

खाली नारळ फोडून वर पाहतो तर परागच्या गॅलरीतला दिवा लागतो आहे, विझतो आहे, लागतो आहे. आत टीव्ही ओरडला, गप्प झाला, पुन्हा ओरडला. नंतर कळलं, टॅबवर हळदीचे ओघळ काचेवरून खाली चालले होते आणि वाटेतलं प्रत्येक बटण दाबत होते. मंदा म्हणाली, "अहो, घरात वारं आलं की काय?" वारं म्हणजे तिला अंगातलं म्हणायचं होतं. आणि एकदम सगळं शांत. ओघळ लाल बटणापर्यंत पोचला होता. सगळं बंद.

पराग धावत वर गेला, आम्ही मागे. मोबाइल काढला. दार उघड. नुसतं चाक फिरतंय.

"वायफायच बंद झालंय," तो म्हणाला. "राउटरपण त्याच 'सगळं बंद'मध्ये टाकला होता. वीज वाचेल म्हणून."

"मग चावी?" अनुजाने विचारलं.

"आत. टॅबच्या खालच्या ड्रॉवरमध्ये."

आता सगळ्यांनी माना वळवल्या त्या सरलाबाईंकडे. अनुजा हळूच म्हणाली, "मावशी, एखादी डुप्लिकेट राहिली असेल ना तुमच्याकडे?" मला तर खात्रीच होती. इतकी वर्षं चाव्या सांभाळणारी बाई एक जास्तीची बनवून ठेवणार नाही? मी मनात तिथल्या तिथे गोष्ट रचली होती. बाई कनवटीतून चावी काढतात, दार उघडतं, आणि उद्यापासून अख्खी सोसायटी कुजबुजते की म्हातारीकडे सगळ्यांच्या डुप्लिकेट आहेत. गोष्ट फार चांगली होती.

"नई," सरलाबाई म्हणाल्या. "दिधी म्हंजे दिधी."

दार उघडायची संधी समोर होती, आख्ख्या जिन्यासमोर त्या सवतीचं नाक कापायची संधी होती, आणि बाईंकडे चावी नव्हती, कारण त्यांनी ती खरंच परत केली होती.

शेवटी मीच म्हणालो, आमचा टीव्ही अडकला की मी मेन स्विच खाली-वर करतो. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून परागने ऐकलं. मीटरच्या पेटीला नुकतंच हळदकुंकू लागलेलं होतं, ते पुसून त्याने त्यांच्या घराचा स्विच पाडला आणि उचलला. वीज जाऊन परत आली तसा राउटर जागा झाला. ओघळ पुन्हा काही दाबायच्या आत परागने मोबाइलवरून दार उघडलं. तोवर जलेबी मऊ पडली होती. फाफडा मी खाल्ला.

दुपारी मी मुद्दाम पहिल्या मजल्यावर बसून होतो. आपट्याची पानं द्यायला म्हणून. पराग उतरला. हातात जुनी चावी. काच पुसून-पुसून त्याची बोटं पिवळी झाली होती, सुकदेवभाऊंची व्हायची तशीच. बाई त्या बोटांकडे बघत राहिल्या.

"मावशी," तो म्हणाला, "ही राहू द्या तुमच्याकडेच. पहिल्यासारखी."

मला वाटलं, आता बाई चावी हिसकावून घेतील. त्यांनी पदराला हात पुसले, फळीकडे पाहिलं, चावीकडे पाहिलं, आणि हात पुढे केला नाही.

"पहिले वर जाय," सरलाबाई म्हणाल्या, "आणि तिले विचारी ये. मना खिळा काय, तठेच शे."